कचेऱ्या अनेक, पत्रपेटी एक

औषधे तयार करणाऱ्या एखाद्या कंपनीची कल्पना करावी. तिची मुख्य कचेरी हैदराबादेस आहे, कारखाना हिमाचल प्रदेशातील बद्दी येथे आहे, आणि मुंबई, कोलकाता, गुवाहाटी व अंदमान येथे तिच्या शाखा व गुदामे आहेत. एके दिवशी सकाळी गुवाहाटीच्या शाखेस एका रुग्णालयाकडून ई-मेलने पत्र येते: अमुक क्रमांकाच्या बॅचमधील इंजेक्शन टोचल्यावर तीन रुग्णांस थंडी वाजून ताप भरला, तरी या बॅचचा वापर थांबवावा काय, हे तत्काळ कळवावे. हे पत्र त्याच दिवशी बद्दीच्या तपासणी विभागाकडे गेले पाहिजे, हैदराबादेस निर्णय झाला पाहिजे, आणि तो निर्णय दुपारच्या आत सर्व गुदामांपर्यंत पोहोचला पाहिजे. पत्र दोन दिवस कोठे तरी अडकून पडले, तर त्या दोन दिवसांत ती इंजेक्शने टोचली जातच राहतील. ई-मेलची व्यवस्था ही कचेरीतील तंत्रज्ञाने पाहावयाची किरकोळ बाब होय, असा जो समज सर्वत्र आढळतो, तो किती अपुरा आहे हे अशा प्रसंगी ध्यानात येते.

अनेक ठिकाणी कचेऱ्या असलेल्या संस्थांतून आजही पुष्कळदा अशी रीत दिसते की, प्रत्येक शाखेत ई-मेलचा एकेक स्वतंत्र सर्व्हर ठेवलेला असतो. शाखेची पत्रे शाखेतच राहावीत, यात व्यवस्थापकांना एक प्रकारची प्रतिष्ठाही वाटते. ही रीत एके काळी शहाणपणाची होती, यात शंका नाही. परंतु ज्या कारणासाठी ती पडली ते कारण बहुतेक ठिकाणी उरलेले नाही, आणि तिच्यापासून होणारा उपद्रव मात्र वाढत चालला आहे. म्हणून अशा संस्थेने आपल्या सर्व पत्रपेट्या एका मध्यवर्ती ठिकाणी आणाव्यात, त्या ठिकाणाची तंतोतंत नक्कल दुसऱ्या दूरच्या शहरी ठेवावी, आणि शाखांतून सर्व्हर शक्य तितके काढून टाकावेत, हे मत येथे मांडावयाचे आहे.

ई-मेलचे पत्र जाते कसे, हे प्रथम पाहिले पाहिजे. संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पत्र धाडण्याचा प्रयोग रे टॉमलिन्सन यांनी 1971 साली केला. पत्र एका सर्व्हरने दुसऱ्याच्या हवाली कसे करावयाचे, याचे नियम जॉनथन पोस्टेल यांनी 1982 साली लिहून प्रसिद्ध केले. एसएमटीपी या नावाने ओळखले जाणारे ते नियम थोड्याफार फेरफारांसह आजही चालू आहेत. पत्ता शोधण्याची रीत भारतीय वाचकास टपालावरून सहज समजेल. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1972 पासून पिनकोड सुरू झाला. (ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे नामांकित कवी व नाटककार होते, काटेकोर व्याकरणाची सवय येथे कामास आली असावी!) पिनकोडावरून टपाल कोणत्या कचेरीकडे न्यावयाचे ते कळते, पुढे घर शोधणे हे त्या कचेरीचे काम. ई-मेलच्या पत्त्यात चिन्हाच्या उजवीकडे जे डोमेनचे नाव असते, त्याचे कार्य असेच आहे. धाडणारा सर्व्हर त्या नावाची सार्वजनिक नोंद पाहतो, पत्रे स्वीकारण्यासाठी कोणता सर्व्हर नेमला आहे हे तेथून त्यास कळते, आणि तो त्याच्याकडे पत्र देऊन मोकळा होतो.

समोरचा सर्व्हर बंद असेल तर काय होते? पत्र लगेच परत येत नाही. धाडणारा सर्व्हर ते आपल्या रांगेत ठेवून घेतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. दोन प्रयत्नांत निदान अर्ध्या तासाचे अंतर असावे व निदान चार-पाच दिवस नाद सोडू नये, अशी शिफारस नियमांतच आहे. तेव्हा सर्व्हर दोन तास बंद पडला तर बाहेरून येणारे पत्र सहसा हरवत नाही, उशिरा येते. संस्थेच्या व्यवस्थेची आखणी करताना हा भेद विसरू नये. दोन तासांच्या खोळंब्याला भिऊन पुष्कळ पैसा खर्च होतो, आणि पत्र कायमचे नाहीसे होण्याची जी खरी कारणे आहेत त्यांकडे दुर्लक्ष होते.

आता शाखाशाखांतून सर्व्हर असले म्हणजे काय घडते ते पाहावे. बाहेरच्या जगाच्या दृष्टीने कंपनीचे डोमेन एकच असते. पत्र प्रथम हैदराबादेस येते, आणि तेथील सर्व्हरला कोणाची पेटी कोणत्या शाखेत आहे याची नामसूची पाहून ते पुढे पाठवावे लागते. कोलकात्याचा एखादा कर्मचारी बदली होऊन मुंबईस गेला की सूचीत फेरफार करावा लागतो, आणि तोही प्रत्येक ठिकाणी. हैदराबादेने तो केला नाही व कोलकात्याने केला, असे झाले तर कधी कधी मोठा गमतीचा प्रकार होतो. हैदराबाद पत्र कोलकात्यास देते. कोलकाता म्हणते, हा मनुष्य येथे नाही, हैदराबादेस विचारा. आणि पत्र या दोहोंमध्ये चेंडूसारखे फिरत राहते. प्रत्येक सर्व्हर पत्रावर टपालाच्या शिक्क्यासारखी आपली नोंद करीत असतो. शिक्क्यांची संख्या मर्यादेबाहेर गेली की एखादा सर्व्हर संशयाने ते पत्र परत धाडतो, तेव्हा कोठे घोटाळा उघडकीस येतो. पाहणाऱ्यास हसू येईल; परंतु त्या पत्रात गुवाहाटीच्या रुग्णालयाची तक्रार असेल तर हसणे कठीण.

मग ही रीत पडली कशी? याचे उत्तर तारेत आहे. भारतात 1986 साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हे शैक्षणिक जाळे उभारावयास घेतले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि तेव्हाच्या पाच आयआयटी हे त्याचे पहिले भागीदार होत. सुरुवातीस या संस्था साध्या दूरध्वनीच्या तारेवरून एकमेकींशी संपर्क साधीत, साठलेली पत्रे देत-घेत, आणि तार सोडून देत. प्रत्येक संस्थेत पत्रे साठविणारे यंत्र असल्यावाचून हे साधणे शक्यच नव्हते. पुढे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तरी शाखांना जोडणाऱ्या तारा बराच काळ बारीकच राहिल्या. सेकंदाला 64 किलोबिट वाहून नेणारी भाड्याची तार ही मोठी चैन समजली जाई.

येथे थोडा हिशेब करून पाहणे उपयोगाचे होईल. पाच मेगाबाइटांची एक फाईल पत्रास जोडली, तर ई-मेलच्या नियमांनुसार तिचे साध्या अक्षरांत रूपांतर होते, आणि दर तीन बाइटांची चार अक्षरे होत असल्याने तिचा आकार एक-तृतीयांशाने वाढतो. ही फाईल 64 किलोबिटांच्या तारेवरून यावयास सुमारे 14 मिनिटे लागतात. पत्रपेट्या हैदराबादेस असून गुवाहाटीच्या वीस जणांनी ती फाईल उघडली, तर तीच फाईल वीस वेळा येणार. म्हणजे साडेचार तासांहून अधिक काळ तार त्यातच गुंतून पडणार. शाखेत स्वतःचा सर्व्हर असल्यास ती एकदाच येते व वीस जणांस घरच्या घरी मिळते. अशा स्थितीत शाखेत सर्व्हर न ठेवणारा व्यवस्थापक मूर्खच ठरला असता. आज सेकंदाला 100 मेगाबिट नेणारी ऑप्टिकल फायबरची जोडणी तालुक्याच्या गावीही मिळू लागली आहे. तिच्यावर ही वीस जणांची मागणी सुमारे अकरा सेकंदांत पुरी होते. म्हणजे ज्या आधारावर शाखेतील सर्व्हर उभा होता, तो आधारच निघून गेला आहे. जिन्याखालच्या खोलीत ते यंत्र मात्र गुणगुणत आहे; ते ज्याने बसविले तो तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला आहे, आणि त्याचा पासवर्ड एका जुन्या डायरीत आहे.

असे दुर्लक्षित यंत्र नुसते निरुपयोगी असते तर चालले असते. पण ई-मेलच्या सर्व्हरला सर्व जगाशी बोलावे लागते, म्हणून त्याचे दार सदैव उघडे असते. 2 मार्च 2021 रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्स्चेंज या ई-मेल सर्व्हरमधील चार छिद्रे बुजविणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. तोवर त्या छिद्रांतून चोर आत शिरू लागलेच होते, आणि पुढील काही दिवसांत जगभरचे हजारो सर्व्हर त्यांच्या हाती गेले. हे सारे सर्व्हर संस्थांनी आपापल्या जागेत बसविलेले होते. मायक्रोसॉफ्ट स्वतः चालवीत असलेल्या मध्यवर्ती सेवेस या छिद्रांची बाधा झाली नाही. ज्या संस्थेचा एकच सर्व्हर होता तिने एका रात्रीत दुरुस्ती केली असेल. सहा शाखांतून सहा सर्व्हर असलेल्या संस्थेस सहा ठिकाणी जाणता मनुष्य हवा होता.

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. 1 जानेवारी 2022 उजाडला आणि त्याच सर्व्हरांतून पत्रे बाहेर पडेनाशी झाली. चोर कोणी नव्हता. पत्रांतील घातक भाग तपासणाऱ्या कार्यक्रमाच्या आवृत्तीस तारखेवरून क्रमांक देण्याची प्रथा होती. त्या दिवशीचा क्रमांक 2,20,10,10,001 असा झाला. तो ज्या कप्प्यात साठवावयाचा त्यात 2,14,74,83,647 याहून मोठी संख्या मावतच नव्हती. आदल्या दिवसापर्यंत क्रमांक 21 या आकड्यांनी सुरू होत होता, म्हणून तो कसाबसा बसत होता. वर्ष पालटताच तपासणीचा कार्यक्रम कोलमडला, आणि तपासल्यावाचून पत्र सोडावयाचे नाही असा नियम असल्याने पत्रे रांगेत तुंबली. उपाय लवकरच मिळाला. परंतु तो प्रत्येक सर्व्हरवर चालवावा लागला, तोही वर्षारंभाच्या सुट्टीच्या दिवशी. मध्यवर्ती व्यवस्थेत चूक होतच नाही, असे कोणी म्हणणार नाही. चूक झाली असता ती कोणाच्या लक्षात येईल व कोण निस्तरील, हे मात्र तेथे आधीच ठरलेले असते.

पत्रांची पत हीदेखील अलीकडे मोठी अडचण झाली आहे. खोट्या नावाने पत्र धाडणे ई-मेलमध्ये मूळचेच सोपे आहे, म्हणून नंतरच्या काळात त्यावर तीन बंधने आली. डोमेनचा मालक आपल्या वतीने पत्र धाडण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांस आहे त्याची यादी जाहीर करतो. ही एसपीएफ, एक प्रकारचे मुखत्यारपत्रच. पत्रावर गणिती स्वाक्षरी केली जाते. ती डीकेआयएम, म्हणजे लाखेची मोहर. आणि मोहर किंवा मुखत्यारी जुळली नाही तर पत्राचे काय करावे, हे डीएमएआरसी सांगते. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे आपल्या ग्राहकांकडे धाडणाऱ्यांना गूगल व याहू यांनी फेब्रुवारी 2024 पासून ही तिन्ही सक्तीची केली. शाखेतील सर्व्हर स्वतः बाहेर पत्रे धाडीत असेल, तर त्याचे नाव मुखत्यारपत्रात हवे, मोहर त्याच्याजवळ हवी, आणि त्याच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता वाईट पत्रे धाडणाऱ्यांच्या काळ्या यादीत नसावा. शाखेने जोडणी देणारी कंपनी बदलली, कोणी मुख्य कचेरीस कळविले नाही, आणि त्या दिवसापासून शाखेची पत्रे समोरच्याच्या नको असलेल्या पत्रांच्या पेटीत पडू लागली, असे घडू शकते. धाडणाऱ्यास याची वार्ताही नसते. पत्र नाहीसे होण्याची खरी कारणे असली असतात.

घड्याळाचाही एक मुद्दा आहे. संगणक-सुरक्षेच्या सर्ट-इन या शासकीय संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या आदेशांनुसार, गंभीर घटना घडल्यास ती कळल्यापासून सहा तासांत कळविली पाहिजे, सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदी 180 दिवस जपल्या पाहिजेत, आणि यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविलेली असली पाहिजेत. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते, व तिच्याशी घड्याळ आपोआप जुळविता येते. सहा शाखांत सहा वेळा दाखविणारे सहा सर्व्हर असले, तर तक्रारीचे पत्र किती वाजता आले व किती वाजता वाचले गेले हे न्यायालयास पटवून देणे अवघड होईल.

आता उलट बाजू. सारे एका ठिकाणी ठेवले आणि ते ठिकाणच बुडाले तर? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला नुसते हसून उत्तर देता येणार नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी तळमजल्यावर ठेवलेल्या यंत्रांचे काय झाले असेल, ते सांगावयास नको. यासाठीच दुसरे ठिकाण दूरच्या शहरी हवे: वेगळ्या नदीच्या खोऱ्यात, वेगळ्या वीजपुरवठ्यावर, आणि तेथे जाणारी तारही वेगळ्या कंपनीची व वेगळ्या रस्त्याने गेलेली. दोन कंपन्यांच्या तारा एकाच चरातून नेलेल्या असल्या आणि जलवाहिनीसाठी खणणाऱ्याने दोन्ही एका फटक्यात तोडल्या, तर दुसऱ्या जोडणीचे भाडे फुकट गेले असे समजावे. शिवाय नक्कल व राखीव प्रत यांत गल्लत होऊ देऊ नये. हैदराबादेस कोणी चुकून एक पेटी पुसली, तर नकलेतूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. म्हणून तारीखवार घेतलेली, जाळ्यापासून तोडून ठेवलेली तिसरी प्रत असली पाहिजे, आणि वर्षातून दोनदा तरी तीमधून एखादी पेटी प्रत्यक्ष परत उभी करून पाहिली पाहिजे. याबाबतीत बहुतेक संस्था आळशी आहेत, असे स्पष्ट म्हणणे भाग आहे.

मध्यवर्ती ठिकाण परदेशात असावे काय, हाही प्रश्न यातच येतो. जानेवारी 2008 च्या अखेरीस अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील तारा तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेटची गती एकदम खालावली. पेट्या समुद्रापलीकडे असल्या, तर बद्दीच्या कारखान्यातील शेजारशेजारच्या दोन टेबलांमधले पत्रही समुद्र ओलांडून जाऊन परत येते. देशात चांगल्या जागा उपलब्ध असता हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

शाखेत सर्व्हर नको, या नियमास अपवाद आहेत, आणि ते मानले पाहिजेत. चेन्नई ते अंदमान ही सुमारे 2,300 किलोमीटर लांबीची सागरी तार 10 ऑगस्ट 2020 रोजी कार्यान्वित झाली. त्याआधी त्या बेटांचे दळणवळण उपग्रहांवर अवलंबून होते, आणि उपग्रहाची वाट अरुंद व महाग होती. तेव्हाच्या पोर्ट ब्लेअरच्या (2024 पासून श्री विजयपुरमच्या) शाखेत स्वतःचा सर्व्हर ठेवणे योग्यच होते. आजही डोंगराळ भागातील खाणी, धरणांची बांधकामे, अथवा जेथे तार वारंवार तुटते अशा जागी शाखेत एक लहान अग्रेषक सर्व्हर ठेवावा. तो बाहेर जाणारी पत्रे तार जुळेपर्यंत सांभाळील. कायमच्या पेट्या मात्र त्याच्यात असू नयेत. तो चोरीस गेला तर कंपनीचे एक यंत्र जाते, दहा वर्षांचा पत्रव्यवहार जात नाही.

मध्यवर्ती सर्व्हर स्वतः चालवावा की भाड्याने घ्यावा, यावर मोठा वाद होतो. केंद्र शासनाच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल व्यवस्था झोहो या चेन्नईच्या कंपनीच्या यंत्रणेवर नेण्यात आल्याची बातमी 2025 साली प्रसिद्ध झाली. पत्त्यांतील शासकीय डोमेन मात्र पूर्वीचेच राहिले. मध्यम आकाराच्या कंपनीने भाड्याची सेवा घेण्यात कमीपणा मानू नये. डोमेनचे नाव, कर्मचाऱ्यांची नामसूची आणि जुन्या पत्रांची प्रत ही मात्र दुसऱ्याच्या स्वाधीन करू नयेत. एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या खात्यावरून कंपनीचे डोमेन नोंदविलेले असते, आणि तो गेला की नूतनीकरणाची सूचना कोणाकडेच येत नाही. डिसेंबर 1999 मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या हातून एका डोमेनचे नूतनीकरण राहून गेले, त्यामुळे ऐन नाताळात हॉटमेलचे ग्राहक अडले. शेवटी एका बाहेरच्या प्रोग्रामरने स्वतःच्या पदरचे 35 डॉलर भरून ते नाव चालू केले. सर्व ग्राहकांना असा परोपकारी मनुष्य भेटेलच, असे नाही.

शाखांतील पेट्या मध्यवर्ती ठिकाणी हलविण्याचे काम घाईने करू नये. प्रथम लहान शाखा घ्यावी, मुख्य कचेरी सर्वांत शेवटी. आणि महिनाअखेरीचे दिवस टाळावेत. डोमेनच्या सार्वजनिक नोंदी जगभरचे सर्व्हर काही काळ आपल्याजवळ लिहून ठेवतात. हा काळ एक दिवसाचा असेल तर स्थलांतराच्या दोन दिवस आधी तो पाच मिनिटांवर आणावा, म्हणजे बदल लगेच सर्वत्र कळतो. जुन्या पत्रांच्या संख्या दोन्हीकडे मोजून ताळा जमल्यावाचून जुनी पेटी पुसू नये. आणि शाखेतील जुना सर्व्हर लगेच बंद न करता निदान पाच दिवस चालू ठेवून त्याच्याकडे येणारी पत्रे नव्या ठिकाणी वळती करावीत; कारण कोणाच्या तरी रांगेत थांबलेले पत्र अजून त्याचेच दार ठोठावीत असते. या पाच दिवसांत त्याची नोंदवही रोज वाचावी. कागदाचे स्कॅन काढून धाडणारे यंत्र, हजेरीचे यंत्र, गुदामातील बिले करणारा कार्यक्रम, यांच्या पोटात जुन्या सर्व्हरचा पत्ता कोणी तरी कधी तरी लिहून ठेवलेला असतो, आणि ती यादी कोणत्याही फायलीत सापडत नाही. ती तेथेच मिळते.